हात खरा, पान कच्चं

३ फेब्रुवारी

आजपासून दोन वह्या. निळी कामाची. तिच्यात मावशी सांगेल ते लिहायचं आणि संध्याकाळी तिला दाखवायचं. दुसरी ही. हिच्यात मला वाटेल ते लिहीन आणि कुणाच्या बापाला दाखवणार नाही.

वय वर्षं एकोणचाळीस, त्यातली चौदा चष्म्याच्या दुकानात काचा पुसण्यात गेली. ते दुकान बंद पडलं. आईनं मला न विचारता तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशीला फोन केला, आणि मी आज सिगारच्या दुकानात उभी! मावशीला आधीच सांगून टाकलं की मी आयुष्यात सिगार ओढलेली नाही. म्हणाली, "मी तरी कुठे ओढते? सोनार काय सोनं खातो?"

दुकानाच्या दाराशी पितळी पाटी आहे, ‘मान्य पारखी’. व्यापाऱ्यांचा संघ देतो ती. अशा फक्त चार पाट्या आहेत. सिगार खरी की नकली यावर कुठे वाद झाला की माल पाटीवाल्याकडे येतो आणि तो सांगेल ते शेवटचं. दर सात वर्षांनी संघ परीक्षा घेतो. या वेळची चौदा एप्रिलला आहे. मावशीनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "पाटी राहिली तर दुकान तुला शिकवीन आणि तुझ्या हवाली करीन. पाटी गेली तर मिटवून टाकू. नुसत्या सिगारी काय, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात."

म्हणजे पाटीला तिच्यासोबत मीही लटकलेय.

पहिल्याच दिवशी घोळ घातला. सवयीनं मनगटाला अत्तर लावून गेले. आत पाय टाकल्यावर आठवलं, आई म्हणाली होती की मावशीनं एकदा दाढीच्या लोशनचा वास येणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच पिटाळलं होतं. सिगार म्हणे शेजारचा वास पिऊन घेते. जीव मुठीत धरून दोन तास तिच्या शेजारी उभी राहिले. ती चकार शब्द बोलली नाही. वयानं माणूस मवाळ होतं. मधल्या सुट्टीत गुपचूप हात धुऊन आले.

८ फेब्रुवारी

पहिला धडा. मावशीनं दोन पेट्या समोर ठेवल्या. "यातली एक नकली. सांग."

मी चांगली पंधरा मिनिटं घेतली, भिंगसुद्धा लावलं, आणि ऐटीत खरीकडे बोट दाखवलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. पेटी उलटी केली. खाली कारखान्याचा छाप असतो, तो तापल्या लोखंडानं लाकडात डागलेला हवा, बोट फिरवलं की खड्डा लागतो. नकलीवर शाईचा शिक्का होता. मग सिगारीवरची कागदी पट्टी. खऱ्या पट्टीवरचं सोनेरी नक्षीकाम अंगठ्याला उठून लागतं, आणि पेटीतल्या पंचवीसच्या पंचवीस पट्ट्या एका रेषेत, तोंड वर करून बसलेल्या असतात. नकलीतल्या मात्र, बसमध्ये दाटीवाटीनं उभ्या राहिल्यासारख्या.

मग तिनं डोळे मिटले आणि सिगार दोन बोटांत घेऊन कानाशी फिरवली. हळूच दाबली, सोडली. "इथे पोटात गाठ आहे. चुऱ्यानं भरलीय." सिगार उभी चिरली तर आत खरोखर काड्याकुड्या आणि चुरा! खऱ्या सिगारीत अख्खी पानं घडी घालून निजवलेली असतात. मी बघतच राहिले. डॉक्टर तरी पोट दाबून एवढं नेमकं सांगतील का?

"आणि वास?" मी विचारलं.

"तो तू सांगायचा. मोठ्यानं. आजपासून प्रत्येक सिगारीचा. तोंडानं सांगितल्याशिवाय नाक शिकत नाही."

काय शिकवायची पद्धत आहे! चष्म्याच्या दुकानातल्या मालकानं चौदा वर्षांत मला स्क्रू कुठल्या डबीत ठेवतात एवढंही धड सांगितलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

मावशीचा पूर्वीचा उद्योग आज कळला. एकोणीस वर्षं ती सिगारच्या कारखान्यात रंग लावायच्या टेबलावर होती. रंग लावणं म्हणजे रंगवणं नव्हे. वळून आलेल्या हजारो सिगारींचा ढीग पुढ्यात ओततात. वरवर सगळ्या तपकिरी. त्यातून एका छटेच्या पंचवीस निवडायच्या आणि पेटीत लावायच्या, डावीकडे सगळ्यात गडद, तिथून एकेक केसभर फिकट होत उजवीकडे सगळ्यात उजळ. दुसऱ्या कुणाला फरक दिसतसुद्धा नाही. नकली माल करणारे पट्टी छापतात, छाप डागतात, एवढंच काय, रिकाम्या खऱ्या पेट्या मिळवून त्यात खोटा माल भरतात. पण रंग लावायला बसत नाहीत. "तेवढा धीर असता तर चोऱ्या कशाला केल्या असत्या मेल्यांनी," मावशी म्हणाली.

मग तिनं सगळ्यात अवघड नकलीबद्दल सांगितलं. कारखान्यातून निवृत्त झालेले काही कारागीर घरी सिगारी वळतात. हात तोच, सिगारीच्या टोकावरची पानाची टोपी तशीच गुळगुळीत, पोटात एकही गाठ नाही. फक्त चांगलं मुरलेलं पान त्यांना मिळत नाही, ते कच्चं पान वापरतात. डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळत नाही. "हात खरा, पान कच्चं. तिथे नाकच लागतं. नाकात झोंबतं, गोठ्यासारखं."

"तुला तर लांबूनच कळत असेल," मी म्हणाले.

"चल, तिसऱ्या फळीवरचं खोकं काढ," ती म्हणाली. स्वतःचं कौतुक तिला ऐकवत नाही.

२१ फेब्रुवारी

मागच्या खोलीत दूध उतू जाऊन करपलं. मला पुढे दुकानात वास आला म्हणून धावले, तर मावशी शेगडीपासून दोन हातांवर खुर्चीत बसून पट्ट्यांचे नमुने तपासतेय! खोलीभर धूर. मी ओरडल्यावर तिनं मान वर केली. काय ती एकाग्रता! मला फोन वाजला तरी हातातलं काम विसरायला होतं.

पातेलं घासायला मी बसले, दुसरं कोण. आईचा फोन आला तेव्हाही घासतच होते. "डिसेंबरात तिला तो ताप आला होता, त्यानंतर ती नीट जेवत नाही असं वाटतं मला. तिला डॉक्टरकडे ने." मी सांगितलं, ठणठणीत आहे, उगाच काळजी करू नकोस. जेवते कमी हे खरं. पण या वयात कमीच जेवावं.

५ मार्च

कप्तान आले. म्हणजे बोटीवरचे निवृत्त कप्तान, मावशीचे जुने गिऱ्हाईक. ताठ माणूस, टोपी काढून मला नमस्कार केला, मी गोरीमोरी झाले. कागदात गुंडाळलेली पेटी आणली होती. वीस वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी बोटीवरच्या खलाशांनी वर्गणी काढून दिलेली. एकदाच उघडून पाहिली आणि जपून ठेवली. येत्या रविवारी त्यातले उरलेसुरले खलाशी घरी जेवायला यायचेत, तेव्हा त्यांना एकेक द्यायचीय. पण परवा जावई म्हणाला की पेटी नकली वाटते.

"वाटू दे त्याला. तुम्ही सांगाल ते मी मानेन," कप्तान म्हणाले. मावशी बँकेत गेली होती, म्हणून पेटी ठेवून गेले.

म्हटलं, मावशी येईपर्यंत आपण हात साफ करावा. पंचवीसही बाहेर काढल्या, एकेकीची टोपी पाहिली, टोक पाहिलं, निळ्या वहीत लिहिलं आणि परत नीट लावून ठेवल्या. मला एकही गाठ लागली नाही. बोटं तयार होताहेत बहुतेक!

६ मार्च

नकली निघाली.

मावशीनं झाकण उघडलं आणि एका नजरेत तिचा चेहरा बदलला. "छाप खरा, पेटी खरी. आतला माल नंतर भरलाय. बघ, गडदाशेजारी फिकट, मधेच गडद. रंग लावणारीनं ही पेटी पाहिलेलीच नाही." मग मला विचारलं, "वास?" मी घेतला. वीस वर्षांचा माल, वास अगदी पुसट. म्हणाले, "जुन्या कपाटासारखा. विशेष काही नाही."

"हं," ती म्हणाली.

संध्याकाळी कप्तान आले. मावशीनं जे होतं ते सरळ सांगितलं. त्यांनी पेटीचं झाकण हलकेच बंद केलं. मग म्हणाले, "पोरांना कुणीतरी फसवलं असेल. त्यांच्या हे कानावर जाऊ देऊ नका." पेटी तिथेच सोडून गेले. मला भडभडून आलं. पण मावशीच्या नजरेला मानलं पाहिजे.

७ मार्च



सकाळी निळी वही चाळत होते. (कप्तानांच्या पेटीच्या गडबडीत दोन दिवस मावशीला दाखवायचीच राहिली होती.) पाच तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘उजवीकडून पहिली सगळ्यात उजळ, डावीकडून पहिली काळपट’. मी दोनदा वाचलं. पेटी आली तेव्हा रंग लावलेला होता! मी पंचवीस बाहेर काढल्या आणि चष्म्याच्या फ्रेमा मांडतात तशा मांडल्या, देखण्या मधे, डागवाल्या कडेला. चौदा वर्षांची सवय. शोकेस सजवली मी, गाढवीनं.

मावशीला सांगण्यापूर्वी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. मग सांगितलं. वाटलं, आता हातात बोचकं देईल. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती.

ती ओरडली नाही. पेटी खिडकीत उजेडाला घेतली, सगळ्या सिगारी कापडावर ओतल्या आणि लावायला बसली. माझ्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत त्या ढिगाची एक सलग पट्टी झाली, काळ्या कॉफीपासून मधापर्यंत, मधे कुठे उडी नाही. सदुसष्ट वर्षांची बाई! रंग लावायच्या टेबलावरून काल आल्यासारखी पेटी दिसायला लागली.

"शंभर टक्के खरी," ती म्हणाली. आणि मग बराच वेळ नुसती बोटं चोळत बसली.

कप्तानांच्या घरी दोघी गेलो. दोन बस बदलून. मी वाटेत भाषण पाठ केलं होतं, पण तिनं मला तोंडच उघडू दिलं नाही. उंबऱ्यातच म्हणाली, "मी चुकले. पेटी खरी आहे. तुमच्या माणसांनी तुम्हाला अस्सल माल दिला होता."

कप्तानांनी आधी पेटीवर हात ठेवला, मग डोळे पुसले. मग हसत म्हणाले, "तुम्ही आणि चुकलात? अहो, वास घेतला नव्हता की काय?"

"नव्हता घेतला," मावशी म्हणाली.

माझ्यासाठी! मला पाठीशी घालायला तिनं स्वतःच्या माथी निष्काळजीपणा मारून घेतला. परतताना मी म्हणाले, "चूक माझी होती, तू कशाला खोटं बोललीस?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खोटं नाही बोलले." अशी माणसं आता राहिली नाहीत.

२५ मार्च

परीक्षेचं पत्र आलं. दहा सिगारी, पट्ट्या काढलेल्या. पेटवायच्या नाहीत, चिरायच्या नाहीत. बघा, हाताळा, हुंगा आणि सांगा. आठ बरोबर आल्या पाहिजेत.

मावशीनं संघाला उत्तर लिहिलं आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडंच होतं, वाचलं. (वाचणारच.) लिहिलंय, वयोमानानं हात थरथरतात, तरी सिगारी हातात द्यायला एक मदतनीस सोबत असू द्यावी. हात थरथरतात? परवा कप्तानांच्या पेटीवर बघितलेत मी ते हात. पण कळलं, मला परीक्षा जवळून बघता यावी म्हणून ही युक्ती. सरळ सांगणार नाही, पण भाचीचं शिक्षण डोक्यात पक्कं आहे.

२ एप्रिल

संघाची परवानगी आली. आता रोज सराव. मी टेबलाच्या या बाजूला, ती त्या. सिगार नाकाखालून न्यायची, तिच्या हातात द्यायची आणि देताना पुटपुटायचं. "लाकूड." "मनुका." "ओलं गवत." ती म्हणते, "अजून हळू. परीक्षकांना त्रास नको. पण सवय मोडू नकोस, परीक्षेतही तुझं असंच चालू दे." मी म्हटलं, तिथे मी गप्प बसलेली बरी नाही का? तर म्हणाली, "गप्प बसलीस तर माझं लक्ष विचलित होईल."

आज वीसपैकी एकोणीस वास मला बरोबर आले. एवढे शाळेत मार्क कधी पडले नव्हते. मावशी खूश व्हायला हवी होती, पण वही मिटताना म्हणाली, "तुझं नाक देवाघरचं आहे गं," आणि तिचा आवाज असा काही झाला की मला विचारावंसं वाटलं, काय झालं. विचारलं नाही. परीक्षेचं दडपण असणार.

१४ एप्रिल

सगळं लिहिते. जमेल तसं.

संघाची खोली लांबट, उत्तरेकडे खिडक्या, हिरवं कापड घातलेलं टेबल. तीन परीक्षक. मधल्या उंच बाई प्रमुख. मावशीला बघून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमची परीक्षा घ्यायची म्हणजे आम्हालाच घाम फुटतो." मला एवढा अभिमान वाटला की पाय जमिनीवर ठरेनात.

पहिल्या तीन मावशीनं बोटांनीच उडवल्या. चौथी हातात देताना मी पुटपुटले, "ओलं गवत." नकली. पाचवी खरी, सहावी नकली. सातवीला "मनुका, लाकूड", खरी. उंच बाई मान डोलवत लिहीत होत्या.

आठवी. मी ट्रेमधून उचलली. सुंदर सिगार. टोपी अशी की सांधा सापडू नये. नाकाखालून नेली आणि आत काहीतरी टोचलं. "झोंबतंय, मावशी."

तिनं ती घेतली. फिरवली. दाबली. उजेडाकडे धरली. नाकाशी नेली आणि तिथेच धरून ठेवली. किती वेळ, काय सांगू. मी जवळच उभी होते म्हणून मला दिसलं, ती वास घेत नव्हती. डोळे मिटून नुसती बसली होती.

"बाई?" परीक्षक म्हणाल्या. "खरी की नकली?"

मावशीनं सिगार कापडावर ठेवली. "मला सांगता येत नाही."

"घाई नाही. वेळ घ्या."

"वेळेनं येणारं नाही ते. ही पोर म्हणतेय, झोंबतंय. म्हणजे पान कच्चं आहे आणि सिगार नकली. पण हे उत्तर तिचं. चौथी आणि सातवी, तीही तिचीच. माझ्या नावावरची तेवढी खोडा. डिसेंबरच्या तापात माझं नाक गेलं. अजून आलेलं नाही. हात थरथरतात तेही खोटं लिहिलं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "लोकांच्या खोट्या पट्ट्या ओळखण्यात जन्म गेला माझा, आणि आज स्वतःलाच एक लावून आले. हिला यातलं काही ठाऊक नाही. हिला बोल लावू नका."

बाईंनी पेन ठेवलं. शेजारच्या परीक्षकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांना बाईंनी हातानं थांबवलं. मग त्यांनी तीन उत्तरांवर रेघ मारली (दहातली तीन गेली, आता आठ होणारच नव्हती), कागद मावशीकडे वळवला आणि मावशीनं सही केली. आम्ही निघालो तेव्हा तिघेही उभे होते.

बसमध्ये मला आधी राग आला. खरंच लिहिते, खूप आला. दोन महिने मला मूर्ख बनवलं. म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर?"

"तर तू आली नसतीस."

"आले असते!"

"म्हणून तर सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या हातून जाणूनबुजून करवायचं नव्हतं."

घरी येऊन या वहीची मागची पानं वाचली. दूध, अत्तर, जेवण, कप्तानांच्या दारातलं ते उत्तर. सगळं माझ्याच अक्षरात! एकोणीस वास ओळखणारी मी, आणि शेजारचं माणूस ओळखता आलं नाही. तिनं एकटीनं कसं काढलं असेल हे सगळं? आणि हातात आलेली पाटी टेबलावर परत ठेवायला छाती लागते. मला नसतं जमलं. मी "नकली" म्हणून मोकळी झाले असते आणि वर मिरवलंही असतं.

१५ एप्रिल

सकाळी संघाचा शिपाई पाटी न्यायला आला. बिचारा इतका अवघडला होता की स्क्रू उलटा फिरवत होता. मावशीनंच पेचकस घेऊन काढून दिली, त्याला चहा पाजला. उंच बाईंची चिठ्ठी होती. दोन ओळी. हवं तेव्हा भाचीनं परीक्षेला बसावं, पण पाच वर्षांच्या उमेदवारीनंतर. नियम नियमच आहे. मावशी म्हणाली, "बरोबर आहे. संघाच्या समितीवर असताना मीच केलाय तो."

मी विचारलं, "मग दुकान मिटवायचं?"

ती उठली. आतल्या खोलीत गेली, जिथे पेट्या ओलाव्यात ठेवतात. थोड्या वेळानं हाक मारली. मी गेले तर म्हणाली, "दार लाव." लावलं. ती स्टुलावर बसली, हात मांडीवर घेऊन, शाळेतल्या मुलीसारखी.

"सांग."

"काय सांगू?"

"कसा वास येतोय इथे. डिसेंबरपासून मी या खोलीत येते आणि नुसत्या भिंतींमध्ये बसून जाते. नीट सांग. घाईघाईनं नको."

मी फळ्यांजवळ गेले. मग सुरुवात केली. म्हणाले, आधी लाकडाचा येतोय, फळ्यांचा, पेन्सिल तासल्यासारखा. त्याच्या खाली चामडं, नव्या बुटांच्या खोक्यातलं. मग मनुका, पण वाळलेल्या नाही, जरा चिकट झालेल्या.

"ते डावीकडून. खालून दुसरी फळी," ती डोळे मिटून म्हणाली. "पुढे."

"पुढे कोको. कडू."

"कोको नाही. परत घे."

मी परत घेतला. "भाजलेली कॉफी."

"हां," ती म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मीही नाही पुसलं. एकेका फळीपाशी उभी राहिले, हुंगलं, सांगितलं. ती कुठे मान डोलवायची, कुठे "चूक" म्हणायची, आणि चूक असली की ती खरोखरच चूक असायची. नाक नसताना!

बाहेर दाराची घंटी वाजली. गिऱ्हाईक. मी दाराकडे वळले, तर तिनं माझा हात धरला.

"थांबेल ते," मावशी म्हणाली. "अजून वरची फळी राहिलीय."